झेनॉन दिव्यावरचं एएएस: संवेदनशीलता वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं?

आधी निकाल सांगते, कारणं मागून. एएएस म्हणजे ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमेट्री: नमुन्यातलं मूलद्रव्य अणूंच्या रूपात आणायचं आणि ते अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतात, त्यावरून ते किती आहे हे मोजायचं. अखंड प्रकाशस्रोतावर चालणारं हाय-रिझोल्यूशन एएएस, म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांना मिळून एकच झेनॉन दिवा असलेलं यंत्र, मी रोज वापरते. आता परत हॉलो कॅथोड लॅम्पवर, म्हणजे दर मूलद्रव्याला वेगळ्या दिव्यावर जा असं कोणी म्हटलं, तर मी कुरकुरतच जाईन. पण या यंत्रामुळे संवेदनशीलता कैक पटींनी वाढते असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. कॅलिब्रेशनची रेघ (मूलद्रव्याच्या प्रमाणासमोर सिग्नल मांडलेला आलेख) पूर्वी जेवढी चढी होती, जवळपास तेवढीच आजही आहे. फरक पडलाय तो रेघेच्या तळाशी, ब्लँकच्या, म्हणजे मूलद्रव्य नसलेल्या कोऱ्या द्रावणाच्या आसपास. तिथे पूर्वी आकडे नुसते नाचायचे, आता ते बऱ्यापैकी जागेवर बसतात. ज्यांना पीपीबीच्या (अब्जात एक भाग) खालचं शिसं किंवा कॅडमिअम मोजायचं असतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट चढापेक्षा जास्त मोलाची आहे, आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी.

माझ्या टेबलावर येतं ते पाणी, माती, गाळ आणि खतं. मागणी ठरलेली: शिसं, कॅडमिअम, आर्सेनिक, सेलेनियम, निकेल, कधीमधी थॅलियम. बरीच वर्षं मी हे सगळं ड्यूटेरियम करेक्शनच्या आणि नंतर झीमनच्या यंत्रावर केलं. नमुन्यातल्या इतर गोष्टी जो प्रकाश खातात, तो बॅकग्राउंड वजा करायच्या या दोन रीती: पहिली दुसऱ्या एका दिव्याने, दुसरी चुंबकाने. त्यामुळे तुलना करायचा थोडाफार अधिकार आहे असं समजते. यंत्राच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला बोलायचंय ते तंत्राबद्दल.

गंमत अशी की अखंड प्रकाशाची कल्पना नवी नाहीच. फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा पाहिल्या, तेव्हा त्याचा ‘दिवा’ अखंड स्रोतच होता. किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८६० च्या आसपास त्या रेषांचा अर्थ लावला, तोही अशाच प्रकाशावर. मग १९५५ साली ॲलन वॉल्श यांनी एएएस हे विश्लेषणाचं तंत्र म्हणून मांडलं आणि अखंड स्रोत जाणूनबुजून बाजूला ठेवला. त्यांचं गणित बिनतोड होतं. भट्टीतल्या (तापवलेल्या ग्राफाइटच्या ट्यूबमधल्या) किंवा ज्योतीतल्या अणूची शोषणरेषा दोन-चार पिकोमीटर रुंद. मोनोक्रोमेटरची (हवी ती तरंगलांबी वेगळी काढणाऱ्या भागाची) फट ०.२ नॅनोमीटर, म्हणजे २०० पिकोमीटर. अखंड प्रकाश आत सोडला तर अणूंनी आपल्या वाट्याचे तीन पिकोमीटर अगदी पूर्ण गिळले तरी डिटेक्टरवरचा प्रकाश दीड टक्क्यानेच कमी होणार. उरलेला साडेअठ्ठ्याण्णव टक्के प्रकाश अणूंना न भेटताच पलीकडे पोचतो. एवढ्याशा घटीवर कोण काय मोजणार? म्हणून वॉल्श यांनी रेषाच अरुंद असलेला दिवा घेतला: शिशासाठी शिशाचा, तांब्यासाठी तांब्याचा. रिझोल्यूशनचं काम दिव्याने केलं आणि मोनोक्रोमेटर साधा राहिला तरी चाललं.

त्या एका तडजोडीवर आपण सगळ्यांनी अर्धं शतक काढलं. मध्ये प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत ओ’हेवर, हार्नली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एशेल ग्रेटिंग (प्रकाश फार बारीक फोडणारी रेघांची पट्टी) आणि झेनॉन दिवा जोडून चांगली मजल मारली होती. पण तेव्हाचे झेनॉन दिवे २८० नॅनोमीटरच्या खाली मंद पडायचे, आणि आपल्याला हवी असलेली निम्मी मूलद्रव्यं तर तिथेच राहतात. शेवटी बर्लिनमध्ये बेकर-रॉस, फ्लोरेक आणि मंडळींनी तीन गोष्टी एकत्र आणल्या: फार छोट्या, फार प्रखर ठिणगीचा ३०० वॅटचा झेनॉन दिवा, प्रिझम आणि एशेल यांचा दुहेरी मोनोक्रोमेटर, आणि सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्यासारखा पिक्सेलचा डिटेक्टर. बाजारात पहिलं यंत्र आलं २००४ साली, जर्मनीतल्या येना इथल्या कंपनीकडून. या मांडणीत २०० नॅनोमीटरच्या आसपास एका पिक्सेलवर जेमतेम दीड पिकोमीटर एवढाच पट्टा पडतो. वॉल्श यांना जे हवं होतं आणि त्या काळी मिळत नव्हतं, ते हेच.

आता मूळ मुद्दा. एएएसमध्ये संवेदनशीलता मोजायची जुनी रीत म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक मास: एक टक्का शोषण, म्हणजे ०.००४४ एवढं ॲब्सॉर्बन्स (शोषणाचं लॉगरिदममधलं माप) यायला किती पिकोग्रॅम मूलद्रव्य लागतं. हा आकडा ठरतो अणूची रेषा किती बळकट आहे, ट्यूब किती लांब आहे आणि अणूंचा ढग तिच्यात किती वेळ टिकतो यावर. दिवा दहापट तेजस्वी केला म्हणून अणू दहापट प्रकाश खात नाही. तो येणाऱ्या प्रकाशाचा ठरावीक वाटाच खातो. म्हणून नव्या यंत्रावर शिशाचा कॅरॅक्टरिस्टिक मास पाहिला आणि तो जुन्याच्या आसपासच निघाला, तर त्यात चुकल्यासारखं काही नाही. यंत्र नीट चाललंय याचीच ती खूण आहे.

काही ठिकाणी चढही थोडा सुधारतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. झीमन यंत्रात चुंबकाने रेषा फाकवताना काही मूलद्रव्यांचा सिग्नल घटतो. इथे चुंबकच नाही, त्यामुळे ती घट नाही. निकेलचं उदाहरण तर मला फार आवडतं. २३२.० नॅनोमीटरच्या रेषेला खेटूनच निकेलच्या दिव्यातून दुसऱ्या रेषा येतात. त्या शोषल्या जात नाहीत, पण फटीतून आत घुसतात आणि कॅलिब्रेशनची रेघ वर जाताना वाकवतात. इतकी वर्षं आम्ही ०.२ ची फट लावून त्या बाहेर ठेवायचा प्रयत्न करत होतो. अखंड स्रोतात शेजारची दिव्याची रेषा ही भानगडच उरत नाही. तसंच दिव्याचा करंट वाढवला की रेषा रुंद होते आणि सिग्नल पडतो, ही हॉलो कॅथोडची जुनी खोडही इथे नाही.

पण खरी कमाई गोंगाटात, म्हणजे सिग्नलच्या नकोशा थरथरीत आहे. फोटॉन मोजताना येणारा गोंगाट फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो. प्रकाश शंभरपट केला तर सिग्नलच्या तुलनेत गोंगाट एक दशांश होतो. झेनॉनच्या ठिणगीचं तेज रेषेच्या जागी हॉलो कॅथोडपेक्षा दहापट ते हजारपट असू शकतं, त्यामुळे कागदावर तरी डिटेक्शन लिमिट (खात्रीने ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण) बरंच खाली यायला हवं. प्रत्यक्षात तेवढं येत नाही. ज्योतीची फडफड, भट्टीतला धूर, पिपेटिंगमधला फरक यांना फोटॉनशी काही देणंघेणं नसतं. माझ्या कामात बहुतेक मूलद्रव्यांना दोन ते पाच पटींचा फायदा दिसतो. काहींना त्याहून जास्त, आणि दोन-तीन हट्टी मूलद्रव्यांना जवळजवळ काहीच नाही.

शांततेचं दुसरं कारण कमी बोललं जातं. सीसीडीवर विश्लेषणासाठी २०० पिक्सेल असतात आणि ते सगळे एकाच क्षणी वाचले जातात. दिवा चमकला, ज्योत हलली, तर त्याचा परिणाम सगळ्या पिक्सेलवर सारखाच होतो. रेषेपासून दूर असलेले पिक्सेल हाताशी धरून तो सामाईक भाग वजा करता येतो. जुन्या यंत्रात आधी हॉलो कॅथोड, मग ड्यूटेरियम, मग परत हॉलो कॅथोड असा खो-खो चालायचा आणि मधल्या मिलिसेकंदांत भट्टीत काय घडलं याचा हिशोब लागायचा नाही. इथे मोजणी आणि बॅकग्राउंड एकाच क्षणाचे असतात.

याचा रोजच्या कामातला सगळ्यात सुखद परिणाम शिशावर झाला. शिशाच्या दोन रेषा सगळ्यांना ठाऊक आहेत: २१७.० आणि २८३.३. पहिलीचा सिग्नल दुसरीच्या दुपटीच्या घरात, पण जुन्या दिव्यात तिच्यावर इतका गोंगाट की आम्ही सगळे निमूटपणे २८३.३ वर काम करायचो. आता दोन्ही रेषांना झेनॉनचा भरपूर प्रकाश मिळतो, म्हणून २१७.० बिनधास्त वापरते. हा अडीअडचणीचा नव्हे, रोजचा फायदा आहे: चढही दुप्पट, गोंगाटही कमी. कोणी मला विचारलं की या यंत्रावर संवेदनशीलता वाढवायची पहिली पायरी कोणती, तर मी म्हणेन, जुन्या दिव्याच्या मर्यादेमुळे निवडलेल्या रेषा आधी यादीतून काढा आणि प्रत्येक मूलद्रव्याची सगळ्यात बळकट रेषा पुन्हा तपासा.

स्क्रीनवर काय दिसतं ते सांगितल्याशिवाय या यंत्राची मजा कळणार नाही. जुन्या यंत्रावर एक शिखर दिसायचं, वेळ आडवी आणि ॲब्सॉर्बन्स उभं. आता तिसरा अक्ष आला, तरंगलांबीचा. भट्टी पेटते आणि पडद्यावर एक डोंगररांग उभी राहते. मध्यभागी आपलं मूलद्रव्य, आणि आजूबाजूला जे काही त्या नमुन्यात लपलेलं असेल ते. सेलेनियमची गोष्ट घ्या. १९६.० नॅनोमीटरला सेलेनियम मोजताना नमुन्यात लोखंड जास्त असलं की ड्यूटेरियमचं करेक्शन लोखंडाच्या शेजारच्या रेषाही बॅकग्राउंड समजून कापायचं. मग निकाल यायचा शून्याच्या खाली. आमच्याकडचा मुलगा दारातूनच ओरडायचा, “मॅडम, सेलेनियम मायनस आलं!” आणि पुढचा तास नमुना पातळ करणं, मॉडिफायर (भट्टीत नमुन्यासोबत घालायचं रसायन) बदलणं, स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यातच माहीत असलेलं प्रमाण घालून मोजणं) यात जायचा. लाल मातीच्या नमुन्यात तर हे हमखास. नव्या यंत्रावर तोच प्रकार पाहिला, तेव्हा पडद्यावर सेलेनियमच्या दोन्ही बाजूंना लोखंडाच्या रेषा स्वच्छ वेगळ्या उभ्या होत्या. मधे रिकामी जागा. करेक्शनसाठी ती रिकामी जागा निवडली की झालं.

खतांचे नमुने याहून चिवट. फॉस्फेट भरपूर असलं की भट्टीत पीओ (फॉस्फरस मोनोऑक्साइड) हा रेणू तयार होतो आणि त्याचं शोषण सपाट नसतं, कंगव्यासारखं दातेरी असतं. एखादा दात नेमका २१७.० च्या शिशाच्या रेषेखाली आला की रिकामी जागा शोधून भागत नाही. इथे आम्ही काय करतो ते सविस्तर सांगते, कारण यंत्र विकत घेताना ही सोय कोणी नीट दाखवत नाही. शिसं नसलेलं शुद्ध अमोनियम फॉस्फेट घ्यायचं, त्याच भट्टीच्या प्रोग्रॅमवर चालवायचं आणि त्याचा वर्णपट साठवून ठेवायचा. हा झाला पीओचा नमुना वर्णपट. मग खताच्या नमुन्याचा वर्णपट आला की सॉफ्टवेअर लीस्ट स्क्वेअर्सने हिशोब लावतं की साठवलेल्या पीओचा कितवा हिस्सा इथे बसतो, आणि तेवढा वजा करतं. पडद्यावर कंगवा नाहीसा होतो आणि शिशाचं एकटं शिखर उरतं. मी नेहमी वजाबाकीनंतरचा उरलेला भाग डोळ्यांनी तपासते. रेषेच्या आजूबाजूला पीओचे दात उलटे, खाली लोंबलेले दिसले तर वजाबाकी जास्त झाली आहे. वर उरलेले दिसले तर कमी. आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी हे पाहायला हवं आणि ते पाहायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. नायट्रिक ॲसिडमधून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं, गंधकाच्या रेणूंचंही असंच करता येतं.

पिक्सेल किती घ्यायचे हा प्रश्न नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो. रेषा एका पिक्सेलपेक्षा रुंद असते, म्हणून फक्त मधला पिक्सेल घेतला तर सिग्नलचा बराच भाग वाया जातो. मधला आणि दोन्ही बाजूंचे एकेक असे तीन घेतले की सिग्नल वाढतो आणि गोंगाट त्या प्रमाणात वाढत नाही. पाच घेतले तर काही मूलद्रव्यांना आणखी थोडा फायदा. पुढे मात्र कडेच्या पिक्सेलमध्ये सिग्नल नाममात्र आणि गोंगाट पूर्ण, म्हणून उलटंच होतं. माझ्याकडे बहुतेक सगळं तीनवर चालतं. आता यातली मेख: पिक्सेल वाढवले की ॲब्सॉर्बन्सची बेरीज वाढते आणि कॅरॅक्टरिस्टिक मास कागदावर आपोआप सुधारतो. एक पिक्सेलचा आकडा आणि पाच पिक्सेलचा आकडा शेजारी ठेवून ‘बघा किती सुधारणा’ असं दाखवणं म्हणजे धूळफेक आहे. माहितीपत्रकातला कुठलाही आकडा वाचताना तो किती पिक्सेलवर काढलाय, हे विचारायलाच हवं.

उलट दिशेचाही उपयोग आहे. नमुन्यात मूलद्रव्य जास्त निघालं की मधला पिक्सेल सोडून रेषेच्या उतारावरचे पिक्सेल घ्यायचे. तिथे शोषण कमी, म्हणून नमुना पातळ न करताही आकडा रेघेत बसतो. एएएसची कामाची पल्ला-मर्यादा मुळात शंभर ते तीनशे पटींचीच, त्यामुळे पुन्हा डायल्यूशन करायचा कंटाळा येणाऱ्यांना ही मोठी सोय.

आता जे यंत्र करत नाही त्याकडे येते. संवेदनशीलता हवी असेल तर अर्धं काम अजूनही भट्टीत आणि बाटल्यांत होतं, ऑप्टिक्समध्ये नाही. ज्योतीत नेब्युलायझर (द्रावणाचा फवारा करणारा भाग) नमुन्याचा पाच-दहा टक्के भागच वर पाठवतो, बाकीचा ड्रेनमध्ये जातो. दिवा कितीही झगझगीत असो, ड्रेनमध्ये गेलेलं शिसं तो मोजणार नाही. म्हणून पीपीबीच्या कामाला ग्राफाइट ट्यूबच. तिथे पॅलेडियम आणि मॅग्नेशियम नायट्रेटचा मॉडिफायर घातला की शिसं हजार अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं आणि बाकीची घाण आधी जाळून टाकता येते. अणुकरणाच्या क्षणी ट्यूबमधला अरगॉनचा प्रवाह थांबवला की अणू जास्त वेळ प्रकाशाच्या वाटेत राहतात. तोही विसरून चालत नाही. एकाच ट्यूबमध्ये नमुना टाका, वाळवा, परत टाका, परत वाळवा, असं करत साठवण वाढवता येते. हे सगळं जुन्या यंत्रावरही होतं आणि इथेही तितकंच लागतं.

घन नमुना थेट ट्यूबमध्ये टाकायची सोय मात्र इथे खुलून येते. साध्या हिशोबाने बघा: अर्धा ग्रॅम माती पचवून ५० मिलिलिटरला नेली की ती शंभरपट पातळ झालीच. त्याऐवजी मिलिग्रॅमच्या आतबाहेरची चिमूट ग्राफाइटच्या होडीवर वजन करून थेट भट्टीत ढकलली, तर ती शंभरपट वाचते आणि ॲसिडचं प्रदूषणही. पूर्वी यात अडचण होती ती बॅकग्राउंडची, कारण पूर्ण मातीच पेटते. आता बॅकग्राउंड डोळ्यांना दिसतं, त्यामुळे धीर येतो. तरी नमुना फार बारीक आणि एकजिनसी दळलेला हवा, नाहीतर एकाच डबीतल्या दोन चिमटी दोन वेगळे आकडे देतात आणि दोष यंत्राला लागतो.

आणि ब्लँक. यंत्राचा गोंगाट खाली गेला की ब्लँकमधली घाण वर दिसू लागते. जस्ताचं डिटेक्शन लिमिट माझ्याकडे कधीच यंत्राने ठरवलं नाही. ते ठरवतं ॲसिड, हवेतली धूळ आणि हातमोजे. लॅटेक्सच्या मोज्यांत झिंक ऑक्साइड असतं, हे ज्यांना माहीत नसतं त्यांना ब्लँकमध्ये जस्त का उड्या मारतंय ते कळत नाही. नायट्रिक ॲसिड सब-बॉइलिंगने (उकळू न देता ऊर्ध्वपातन करून) शुद्ध केलेलं नसेल आणि बाटल्या ॲसिडमध्ये भिजवून ठेवलेल्या नसतील, तर झेनॉन दिव्यावर केलेला खर्च अर्धा वाया गेला असं समजा.

यंत्राच्या उणिवा म्हणाल तर त्या आहेतच. पहिली: एकाच वेळी अनेक मूलद्रव्यं मोजतं असा समज आहे, तो खरा नाही. २०० नॅनोमीटरच्या आसपास खिडकी ०.३ नॅनोमीटरच्या घरात असते. त्या खिडकीत दोन रेषा आल्या तरच दोन मूलद्रव्यं एकदम. कॅडमिअमच्या २२८.८०२ च्या शेजारी लोखंडाची २२८.७२६ ही दुय्यम रेषा येते, तेव्हा दोन्ही एका फटक्यात मिळतात, आणि लोखंड नेहमीच जास्त असल्यामुळे ती कमकुवत रेषा सोयीची पडते. असे योग थोडे. बाकी ज्योतीवर यंत्र एकामागून एक, झपाट्याने मोजतं. भट्टीवर मात्र प्रत्येक मूलद्रव्यासाठी नवी फेरी.

दुसरी उणीव खोल अतिनील भागातली. आर्सेनिकची १९३.७ घेतली की झेनॉनचं तेज घसरतं, हवेतला ऑक्सिजनही प्रकाश खायला लागतो, आणि फायदा विरघळतो. आर्सेनिकसाठी मी आजही हायड्राइडकडेच, म्हणजे आर्सेनिकचा वायू करून मोजायच्या रीतीकडेच वळते. लेझरने पेटवलेले झेनॉन दिवे या भागात बरेच प्रखर असतात आणि बर्लिनमध्येच त्यांच्यावर एकाच वेळी अनेक मूलद्रव्यं मोजण्याचं संशोधन झालंय. ते नेहमीच्या यंत्रांत उतरलं तर आर्सेनिकवाल्यांचे दिवस पालटतील.

तिसरी दिव्याची. एकच दिवा म्हणजे कपाटातली हॉलो कॅथोडची रांग गेली, न वापरताही म्हातारे होणारे आर्सेनिक-सेलेनियमचे दिवे गेले, हा आनंद खराच. पण तो एक दिवा गेला की सगळंच थांबतं. राखीव दिवा जवळ असायलाच हवा. तापायला थोडा वेळ द्यावा लागतो, ठिणगी इलेक्ट्रोडवर जागा बदलते आणि आरसा तिच्या मागे फिरत राहतो. शिवाय हा दिवा थंड असतानाही आत बऱ्याच वातावरणांचा दाब असतो. तोंडावर ढाल आणि हातात जाड मोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका, मग समोरचा कितीही अनुभवी असो.

एक अनपेक्षित लाभ मात्र भरभरून सांगावासा वाटतो. फ्लोरीन, गंधक यांच्या मुख्य अणुरेषा एएएसच्या आवाक्याबाहेर, फ्लोरीनची तर १०० नॅनोमीटरच्याही खाली. पण रिझोल्यूशन इतकं असल्यामुळे रेणूंच्या पट्ट्यांतली एकेक बारीक रेषा मोजता येते. नमुन्यात गॅलियम घालून भट्टीत गॅलियम मोनोफ्लोराइड तयार करायचं आणि २११.२४८ वर ते वाचायचं, की फ्लोरीन मिळालं. गंधकासाठी सीएस (कार्बन मोनोसल्फाइड) रेणूची २५८.०५६, फॉस्फरससाठी पीओची २४६.४. जो पीओ शिशाच्या कामात शत्रू होता, तोच इथे कामाला येतो. फ्लोराइडला आम्ही पूर्वी वेगळं इलेक्ट्रोड आणि वेगळी रांग लावायचो. आता बरीचशी कामं याच भट्टीवर होतात.

आयसीपी-एमएसशी (प्लाझ्मात नमुना आयनित करून आयन वस्तुमानाप्रमाणे मोजणाऱ्या यंत्राशी) तुलना करून कोणी विचारतं, मग हे घ्यायचंच कशाला? दिवसाला शेकडो नमुने आणि प्रत्येकात वीस मूलद्रव्यं असतील तर घेऊच नका, आयसीपी-एमएस घ्या. चार-पाच मूलद्रव्यं, घाणेरडे नमुने, थेट घन नमुना टाकायची गरज आणि गॅसचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर हे यंत्र त्यापेक्षा शहाणपणाचं ठरतं. ज्यांच्याकडे चांगलं चाललेलं झीमन यंत्र आहे आणि नमुने साधे पाण्याचे आहेत, त्यांनी केवळ ‘नवं आहे’ म्हणून धावू नये.

घ्यायचंच ठरलं तर प्रात्यक्षिकाला स्वतःचा सगळ्यात वाईट नमुना घेऊन जा, त्यांनी दिलेलं गोड पाण्याचं स्टँडर्ड नको. माझा असा नमुना फॉस्फेटचं खत आहे. त्याच्यावर शिसं २१७.० ला मोजून दाखवायला सांगा, तीन पिक्सेलवर, आणि ब्लँक दहा वेळा चालवून त्याचं विचलन तुमच्यासमोर काढायला लावा. मग पीओची वजाबाकी करण्याआधीचा आणि नंतरचा वर्णपट शेजारी-शेजारी मागा. दोन्हींच्या प्रती पेन ड्राइव्हवर घेऊन या आणि घरी निवांत, मोठ्या पडद्यावर पाहा.